आठ दिवसांची मावशी: नेदरलँड्समधल्या क्रामझोर्गचा माझा अनुभव

आमच्या मिरजेत बाळंतपण म्हणजे माहेर, आणि पहिलं तर हमखास माहेरीच. माझ्या मोठ्या बहिणीचं झालं, चुलत बहिणींची झाली, सगळ्यांच्या वेळी डोहाळेजेवण झालं की पोरगी माहेरी यायची आणि सव्वा महिना आतल्या खोलीतून हलायची नाही. न्हाऊ-माखू घालायला बाई यायची, शेगडी पेटायची, ओव्याच्या धुरीचा वास घरभर असायचा. माझ्या वेळी मी आइंडहोव्हनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात होते. आईचा व्हिसा आलेला नव्हता. घरात मी, नवरा आणि तेरा तासांची मुलगी. दुपारी चार वाजता बेल वाजली, दाराशी साठीकडे झुकलेल्या एक बाई उभ्या होत्या. पायपुसण्यावर बूट काढून, हात धुऊन त्या थेट माझ्यापाशी आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "तू शेवटचं कधी जेवलीस?"

पुढचे सात दिवस त्या सेवेतली माणसं रोज आली. या सेवेला डच भाषेत क्रामझोर्ग म्हणतात. क्राम म्हणजे बाळंतपण आणि झोर्ग म्हणजे काळजी. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई तुमच्या घरी येते, बाळंतिणीला आणि बाळाला तपासते, अंगावर पाजायला शिकवते, बाळाची अंघोळ, ताप, वजन बघते, बाळंतिणीचं जेवण करते, न्हाणीघर आणि संडास रोज स्वच्छ करते, कपडे धुते आणि नवऱ्याला सगळं करायला लावते. आणि हे श्रीमंतांचं चोचलं नाही. देशातल्या मूळ आरोग्यविम्यातच ही सेवा धरलेली आहे, म्हणजे तुम्ही कालपरवा भारतातून आलेल्या असलात तरी तुमचा तिच्यावर हक्क आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर निघण्यापूर्वीचे दोन महिने मी इतकी घाबरून घालवले नसते. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

नवऱ्याला नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला दिवस गेले होते. पुण्यात मी शाळेत गणित शिकवत होते. घरात रोज तीच चर्चा. त्याने पुढे जावं, मी मिरजेला बाळंत व्हावं आणि बाळ चार महिन्यांचं झालं की जावं, हा सासूबाईंचा आणि आईचा दोघींचाही आग्रह. त्यात चूक काहीच नव्हतं. पण मला एकटीला बाळाचा पासपोर्ट, बाळाचा व्हिसा आणि चार महिन्यांचं मूल घेऊन विमान हे सगळं झेपेल असं वाटेना, आणि त्यालाही पोरीचे पहिले चार महिने फोनवर बघायचे नव्हते. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये आम्ही दोघं एकत्र आलो. मी पंधराव्या आठवड्यात होते. प्रवासाला हा काळ बरा. सातवा महिना लागला की बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर बसवूनच घेत नाहीत.

इथे पोचल्यावर कामांना एक क्रम आहे आणि तो चुकला की सगळं अडतं. आधी राहण्याचा पक्का पत्ता. पत्ता असेल तरच नगरपालिकेत नोंदणी होते. नोंदणी झाली की बीएसएन नावाचा नागरिक क्रमांक मिळतो. तो मिळाला की आरोग्यविमा, आणि विमा झाला की पुढची सगळी दारं उघडतात. विम्याची माझ्या मनात सर्वांत जास्त धास्ती होती, कारण आपल्याकडे गरोदर बाईला नवा विमा घेऊन लगेच बाळंतपणाचा खर्च मिळणं म्हणजे जवळपास अशक्यच. इथे मूळ विमा कोणत्याही कंपनीला नाकारता येत नाही. आधीचा आजार, गरोदरपण, काहीही असो. आल्यापासून चार महिन्यांच्या आत विमा घेतला की तो पहिल्या दिवसापासून लागू धरतात, अर्थात हप्ताही पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो. वर्षाला पहिले 385 युरो आपल्या खिशातून जातात अशी एक अट आहे, पण सुईणीची तपासणी, बाळंतपण आणि क्रामझोर्ग यांना ती लागत नाही. रक्ततपासण्या, औषधं आणि रुग्णवाहिकेला मात्र लागते. आमच्या रक्ततपासण्यांचं बिल आलं तेव्हा हे कळलं.

अजून एक. इथे आल्यावर भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते आणि तिथे छातीचा एक्स-रे काढतात. वेळ घेतानाच गरोदर असल्याचं सांगा, तिथे पोचल्यावर नव्हे.

आता सुईणीबद्दल. फर्लोस्कुंडिगे म्हणजे इथली सुईण, पण सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी येते ती ही नाही. चार वर्षांची पदवी घेतलेली असते. गरोदरपण नीट चाललेलं असेल तर तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञ दिसतही नाही, सगळं सुईणच बघते. पहिल्या भेटीला मी पुण्यातली सगळी फाइल घेऊन गेले आणि दोनदा विचारलं की डॉक्टर कधी येतील. तिने न चिडता सांगितलं, गरज पडली तर त्याच दिवशी पाठवीन. आणि खरंच, दक्षिण आशियातल्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह होण्याचा धोका जास्त म्हणून साखरेची मोठी तपासणी तिने आपणहून लावली. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मात्र माझी पंचाईत झाली. सोनोग्राफी करणारीने हसत विचारलं, "मुलगा की मुलगी, सांगू?" माझा हात आपोआप नवऱ्याच्या मनगटावर गेला. आपल्याकडे सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीत पाटी असते की इथे लिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ती पाटी वाचत आम्ही मोठे झालो. आम्ही नको म्हणालो.

क्रामझोर्गचं नाव सुईणीनेच काढलं. नोंदणी झाली का, असं तिने सोळाव्या आठवड्यात विचारलं, आणि आम्ही काय नोंदणी असं विचारल्यावर तिचा चेहरा जरा गंभीर झाला. माणसं कमी आहेत, आजच फोन करा, म्हणाली. पहिल्या संस्थेने एप्रिल भरला म्हणून सांगितलं. दुसरीने आमच्या पिनकोडला येत नाही म्हणून सांगितलं. तिसरीने घेतलं. हे आता सहज लिहिते आहे, पण ते दोन दिवस मी जेवले नव्हते.

त्या तिसऱ्या संस्थेचं नाव मी इथे घेणार नाही, कारण तिच्याबद्दल तक्रारही आहे आणि तिने पाठवलेल्या बाईंबद्दल कौतुकही. तक्रार आधी सांगते. 2024 मध्ये अंगावर पाजणाऱ्या आईला साधारण 49 तास धरले जात होते, कमीत कमी 24 आणि अडचण असेल तर 80 पर्यंत. संस्थेने आठव्या महिन्यात घरी येऊन बोलणी केली तेव्हा आम्हाला सांगितलं की तुमची आई येणारच आहे तर 24 तास पुरतील. माझी आई येण्याचं नक्की नव्हतं. व्हिसाची भेटच मिळत नव्हती. आणि आई आली असती तरी आई म्हणजे प्रशिक्षित परिचारिका नाही, हे त्यांना समजायला हवं होतं. परदेशी माणसाला आपले हक्क माहीत नसतात, तो मान हलवतो, हे धरून ते बोलत होते असं मला वाटलं. मी गणिताची बाई. आकडा लिहून मागितला. मग विमा कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की संस्थेला जमत नसेल तर आम्ही दुसरी शोधून देतो. दोन दिवसांत संस्थेचं पत्र आलं, 49 तास. ज्या मैत्रिणी वाचत असतील त्यांना हात जोडून सांगते, पहिल्या आकड्याला हो म्हणू नका.

त्या बोलण्यातच तयारीची यादी मिळाली. दोन थर्मामीटर, सुती लंगोट, बादल्या, विमा कंपनीकडून येणारा बाळंतपणाचा खोका, ज्यात जाड पॅड, नाळेची चिमटी, निर्जंतुक कापड वगैरे असतं. आणि पलंगाखाली घालायचे चार ठोकळे. पलंग जमिनीपासून 70 ते 80 सेंटिमीटर उंच पाहिजे, ही अट. कशाला, तर आठ दिवस वाकून वाकून काम करणाऱ्या त्या बाईंची पाठ जाऊ नये म्हणून. आमच्याकडे मालीश करायला येणाऱ्या बाई आयुष्यभर पाटावर बसून, दोन्ही पाय लांब करून त्यावर मूल घ्यायच्या आणि उठताना गुडघ्याला हात लावून उठायच्या. त्यांच्या पाठीचा विचार आमच्या घरात कोणी केलेला मला आठवत नाही. ठोकळे घालताना मला त्या फार आठवल्या.

मुलगी मंगळवारी, 2 एप्रिल 2024 ला पहाटे तीनच्या सुमारास झाली, शेजारच्या फेल्डहोव्हनमधल्या रुग्णालयात. बाळाने पोटातच शी केली होती म्हणून काही तास तिच्यावर लक्ष ठेवलं आणि दुपारी घरी जा म्हणाले. त्याच दिवशी! टाके ओले, पाय लटपटत होते आणि हातात गाडीची बाळखुर्ची. मला वाटलं यांना आम्हाला घालवायची घाई झाली आहे. चार वाजता बेल वाजली तेव्हा कळलं की रुग्णालय बिनधास्त घरी का पाठवतं. कारण रुग्णालयाचा अर्धा भाग दारात येऊन उभा राहतो.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. मनात मी त्यांना मावशी म्हणायचे, इथेही मावशीच म्हणते. पहिल्या दिवशी त्या चार तास होत्या. मला उठवून, धरून न्हाणीघरात नेलं. स्वतः बाहेर उभ्या राहिल्या, दार अर्धं उघडं ठेवून, आणि दर मिनिटाला हाक मारत होत्या. परत आले तर पलंगावरची चादर बदललेली, खिडकी बोटभर उघडलेली आणि ताटलीत दोन गोल कुरकुरीत टोस्ट. त्यावर लोणी आणि लोण्यावर गुलाबी-पांढरे गोळे. हा इथला बाळंतपणाचा खाऊ, बेस्खाउट मेत माउशेस. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. पहिला घास घेतला आणि दातांखाली बडीशेप आली! साखरेत घोळवलेलं अ‍ॅनीसचं बी ते, चवीला बडीशेपच. मावशी म्हणाल्या, जुनी माणसं सांगायची की याने दूध येतं. मी तशीच रडायला लागले. आई निघताना म्हणाली होती की बाळंतशेपा रोज खा, दुधाला चांगल्या, आणि घाईत पुडी मिरजेलाच राहिली होती.

बाळ थंड लागत होतं. ताप 36.3. आमच्याकडे अशा वेळी कुंची, दुपटं आणि शेगडी. मावशींनी दोन धातूच्या बाटल्या काढल्या, क्राउक म्हणतात त्यांना. त्यात उकळतं पाणी काठोकाठ भरलं, झाकण पिळून घट्ट केलं, उलटी धरून जोरात हलवली, झाकणाभोवती कोरडं बोट फिरवून बघितलं की एक थेंबही येत नाही ना. मग लोकरीच्या पिशवीत घातली आणि बाळाच्या पाळण्यात पांघरुणावर ठेवली, झाकण पायाकडे, बाळापासून एक वीत लांब. नवऱ्याला सांगितलं, आता दुसरी तू कर. त्याने केली. पुन्हा कर, म्हणाल्या. तीन वेळा करून घेतली. तास झाल्यावर पुन्हा ताप घेतला, 36.7. त्यांनी वहीत लिहिलं आणि मगच कोट घातला.

ती वही म्हणजे या सेवेचा कणा आहे. बाळ किती वेळा दूध प्यायलं, किती लंगोट ओले, शीचा रंग, ताप, आईचा ताप, नाडी, टाके, सगळं रोज. रात्रीचं आम्ही भरायचं. एक दिवसाआड सुईण घरी यायची आणि आधी वही वाचायची, मग आमच्याशी बोलायची. मावशी रोज माझ्या पोटावर हात ठेवून गर्भाशय बेंबीच्या किती बोटं खाली उतरलं ते बघायच्या. व्हिडिओवर आईने हे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलका झाला. "जाणती आहे गं ही. तिला म्हणावं पोट बांध माझ्या लेकीचं."

पोट त्यांनी बांधलं नाही. तशी पद्धत इथे नाही आणि गरजही नाही असं त्यांनी सांगितलं. कुंचीवरूनही वाद झाला. आई फोनवरून सांगत होती कान झाक, आणि मावशी म्हणत होत्या घरात टोपी नको, पाळण्यात तर मुळीच नको, बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं. खोली 18 अंशांवर ठेवायची आणि बाळाच्या मानेमागे दोन बोटं घालून बघायचं. मान गरम आणि कोरडी तर बाळ ठीक. मी मधल्या मध्ये. शेवटी मावशींनीच तोड काढली. फोन हातात घेतला, आईला बाळाची मान दाखवली, थर्मामीटरवरचा आकडा दाखवला, आणि मग कुंची घालून एक फोटो काढू दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

तिसरा दिवस कठीण होता. जन्माचं वजन 3010 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 2770. मी मनातच भागाकार केला, आठ टक्के. मावशींनी सांगितलं की पहिल्या दिवसांत सगळीच बाळं वजन गमावतात, पण दहाच्या जवळ गेलं तर सुईणीशी बोलायचं, आणि तू आता दहाचा विचार करत बसू नकोस. त्या दिवशी नऊ ते अकरा त्या माझ्या शेजारी बसून होत्या. बाळ तोंड उघडायचं, वरवर पकडायचं, सुटायचं, रडायचं. त्यांनी माझ्या पाठीशी उशी दिली, बाळ आडवं करून काखेखालून धरायला शिकवलं. नाक स्तनाग्राच्या समोर, तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, मग बाळ तुझ्याकडे आण, तू बाळाकडे जाऊ नकोस. सातव्या-आठव्या वेळी पकडलं. घोट घेतल्याचा बारीक आवाज आला. मावशी बोट ओठांवर ठेवून म्हणाल्या, ऐक. खोलीत आम्ही तिघंही श्वास धरून तो आवाज ऐकत होतो.

चौथ्या दिवशी मी कारण नसताना दुपारभर रडले. इथे याला स्वतंत्र शब्द आहे, क्रामट्रानेन, बाळंतपणाचे अश्रू. मावशींनी सकाळीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की आज किंवा उद्या येतील, आले तर उपाय सांगू नकोस, शेजारी बस. तो बसला. त्याच दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायला बाई आल्या. सगळ्या नवजात बाळांची काही दुर्मीळ आजारांसाठी अशी तपासणी करतात. दुसऱ्या दिवशी पाचवी. आईने व्हिडिओवरून सगळं सांगितलं, मी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवी रात्री येऊन लिहील म्हणून. सकाळी मावशींनी तो कागद बघितला, विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर तो तिथून हलवला नाही, बाजूने झाडून काढलं.

नावाचं मात्र आधीच ठरवून ठेवा. इथे तीन दिवसांत जन्माची नोंद करावी लागते आणि नोंद करताना नाव लागतं. आपलं बारसं बाराव्या दिवशी. आत्याने कानात नाव सांगायच्या आत ते नगरपालिकेच्या कागदावर छापून येतं. आणि नोंद राहत्या गावात नव्हे, बाळ जिथे जन्मलं त्या गावच्या नगरपालिकेत. आम्ही आइंडहोव्हनचे, बाळ फेल्डहोव्हनचं. नवरा गुरुवारी सायकलवर तिकडे जाऊन आला. बारसं आम्ही 13 एप्रिलला केलं, नणंदेने सांगलीहून फोनवरून कुर्रर्र केलं, आणि नाव सगळ्यांना माहीत असूनही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाबद्दल खरं सांगायचं तर इथे माझी जीभ रुसली. मावशी रोज मन लावून करायच्या, पण त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी, उकडलेलं अंडं. बाळंतिणीने काय खाऊ नये अशी यादीच त्यांच्याकडे नव्हती, सगळं खा म्हणायच्या. मला मऊ भात, तूप, मेतकूट पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी मी पलंगावरून सांगत गेले आणि त्यांनी भात केला. चौथ्या दिवशी न विचारता केला. नवऱ्याच्या सहकाऱ्याने आणलेले डिंकाचे लाडू त्यांनी एक चाखून बघितला, त्यात काय काय आहे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. हळिवाची खीर मात्र मला आई आल्यावरच मिळाली, एकोणिसाव्या दिवशी.

सहाव्या आणि सातव्या दिवशी मावशींना सुट्टी होती आणि संस्थेने दुसऱ्या बाई पाठवल्या. बदल होणार हे आम्हाला आदल्या रात्री उशिरा कळलं, तेही डच भाषेतल्या निरोपातून. नव्या बाई वाईट नव्हत्या, पण इंग्रजी जेमतेम, आणि पाजण्याची पद्धत वेगळी सांगायला लागल्या. चार दिवस जे जमून आलं होतं ते एका सकाळी विस्कटलं. सप्ताहान्ताला संस्थेचा फोन कोणी उचलला नाही. हा दोष मी लहान मानत नाही. बाळंतिणीच्या खोलीत रोज माणूस बदलणं म्हणजे रोज नव्याने उघडं होणं. माणसं कमी आहेत हे मान्य, पण आधी सांगता येतं, आणि आपल्याला समजेल अशा भाषेत सांगता येतं.

आठव्या दिवशी मावशी परत आल्या. 9 एप्रिल, गुढीपाडवा. नवऱ्याने गॅलरीत पडद्याच्या दांडीची गुढी उभारली होती, माझी हिरवी साडी, स्टीलचा गडू, कडुलिंब नव्हता म्हणून नुसता हार. मावशी जिन्यावरूनच बघत आल्या. त्या दिवशी वजन 2905. अजून जन्माच्या वजनाला पोचलं नव्हतं, पण काटा चढता होता. मग त्यांनी शेवटचा धडा घेतला. नवऱ्याला एकट्याने अंघोळ घालायला लावली आणि स्वतः हात मागे बांधून उभ्या राहिल्या. पाण्यात कोपर, डोक्याखाली मनगट, बाळाची दूरची काख चार बोटांत. त्याचा हात थरथरत होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुसून, कपडे चढवून त्याने पोरगी माझ्याकडे दिली तेव्हा म्हणाल्या, "आता मी गेले तर चालेल." ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायचे, बालआरोग्य केंद्राची भेट कधी, ताप 38 झाला तर कोणाला फोन, हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि वही आम्हाला दिली. ती अजून कपाटात आहे.

खर्चाचं सांगते. आम्हाला प्रत्यक्षात 45 तास मिळाले. पहिल्या दिवशीचे काही तास रुग्णालयात गेले. 2024 मध्ये आपल्या वाट्याला तासाला 5.10 युरो येत होते, म्हणजे 229.50 युरो. ही रक्कम दर वर्षी थोडी वाढते. बऱ्याच पूरक विम्यांतून हीसुद्धा परत मिळते, पण पूरक विमा वर्षाच्या शेवटी बदलता येतो तेव्हाच बघून घ्या. मिळालेल्या सेवेच्या मानाने ही रक्कम काहीच नाही.

उणीव एकच मोठी वाटते. आठ दिवस फार थोडे आहेत. आपली जुनी माणसं सव्वा महिना म्हणायची ते उगीच नाही. नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी बेलची वाट बघत होते. ज्यांच्याकडे त्या वेळी आई, सासू, मैत्रीण कोणीच नसेल त्यांनी नवव्या दिवसापासून पुढच्या महिन्याची सोय आधीच करून ठेवावी. नवऱ्याची रजा त्यासाठी वाचवा. इथे वडिलांना आठवडाभर पूर्ण पगारी रजा असते, आणि त्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत अजून पाच आठवडे 70 टक्के पगारावर घेता येतात. आम्ही ते पाच आठवडे मावशी गेल्यावर सुरू केले. तो निर्णय बरोबर ठरला.

कागदपत्रांचं एक वाक्य, कारण बऱ्याच जणी विचारतात. इथे जन्मलं म्हणून बाळ डच नागरिक होत नाही. एका वर्षाच्या आत हेगमधल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद करून पासपोर्ट काढायचा, आणि इथल्या वास्तव्याचा परवाना बाळासाठी वेगळा मागायचा. मावशी असताना यातलं काही करायला बसू नका, ते आठ दिवस झोपा.

दुसऱ्या खेपेला मी काय वेगळं करीन? आठव्या आठवड्यातच क्रामझोर्गची नोंदणी करीन, तास लेखी घेईन, बदली बाईंची आधी फोनवर ओळख करून द्या असा आग्रह धरीन, आणि आईच्या व्हिसाचा अर्ज त्याच आठवड्यात टाकीन. पलंगाचे ठोकळे भाड्याने आणले होते, ते परत केले. क्राउकच्या लोकरीच्या पिशव्या मात्र ठेवल्या होत्या. आमच्याच इमारतीत नागपूरची एक मुलगी सहाव्या महिन्यात आहे. परवा तिला त्या दिल्या आणि बाटली उलटी धरून झाकण कसं बघायचं ते तिच्या नवऱ्याकडून तीन वेळा करून घेतलं.